जुना पाय

“तुझा जुना पाय दे की रं,” जयवंत म्हणाला.

टूल रूमच्या खिडकीत त्यानं कोपर टेकलं होतं. मागे रांग होती. सकाळची पाळी नुकतीच लागलेली आणि हा गडी पाना मागावा तसा माझा पाय मागत होता.

“कुठला पाय?” मी विचारलं.

“ते लोखंडाचं रं. कॅलिपर. तुझ्याकडं दोन हैत न्हवं? घालतोस ते राहू दे, जुनं दे. नाटकाला पायजे. कानिटकर साहेबांनीच सांगितलंय.”

रांगेत कुणीतरी खुसखुसलं. जयवंतनं मागे न बघताच डोळा मिचकावला. आपल्या मागे हसणारी माणसं आहेत याची त्याला कायम खात्री असायची.

आमचा कारखाना फवारणीचे पंप बनवायचा. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत तो होता, आता नाही. मी भूपाल मगदूम तिथं टूल रूम सांभाळायचो. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा पाय वाळून काठीसारखा राहिला, तेव्हापासून मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि चामडं बांधूनच मी उभा राहत आलोय. गुडघ्याला दोन्ही बाजूंनी कड्या असतात. उभं राहिलं की त्या खाली सरकतात आणि पाय ताठ होतो; बसायचं तर वर ओढायच्या. चालताना खट असा आवाज येतो. कारखान्यात मला ‘दीडपाय’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ऐकू येईल इतपत लांबून.

आणि जयवंत सूर्यवंशी म्हणजे जोडणी विभागाचा फोरमन. उंच, गोरा, आवाज खणखणीत. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी आमच्या कारखान्याचं नाटक असायचं आणि दरवर्षी नायक हाच. मी त्या नाटकांचा प्रॉम्प्टर. विंगेत खुर्ची टाकून, मांडीवर संहिता घेऊन मी त्याला वाक्यं पुरवायचो, कारण पाठांतर या गोष्टीला तो कमीपणा मानायचा. लोक ज्या वाक्यांना टाळ्या वाजवायचे, त्यातली निम्मी माझ्या तोंडून आधी गेलेली असायची. मला स्टेजवर उभं राहायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं नाही. पण दरवर्षी ठरलेलं उत्तर यायचं, “नाटकात तसं काम असलं की तुलाच घेऊ.”

त्या वर्षी तसं काम होतं, आणि तेही जयवंतलाच मिळालं होतं.

“हत्यार म्हणून देतो,” मी म्हणालो. “बिल्ला ठेव.”

टूल रूमचा नियम साधा होता. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला, त्यावर त्याचा नंबर. हत्यार नेलं की बिल्ला खिळ्यावर, हत्यार परत आलं की बिल्ला परत. टूल रूमनं मागितलं तर हातातलं काम टाकून हत्यार आणून द्यायचं. मोडून आणलं, तर नीट होऊन येईपर्यंत बिल्ला खिळ्यावरच राहायचा. हा नियम मालकांच्या वडिलांनी घालून दिला होता आणि खुद्द मालकांनाही मी एकदा बिल्ल्याशिवाय पक्कड दिली नव्हती.

जयवंतला गंमत वाटली. “घे लेका, ठेव!” म्हणत त्यानं बिल्ला खिडकीच्या फळीवर टाकला. तो घरंगळत माझ्या पायाशी पडला. मी वाकलो, कडी सोडली, तो उचलला आणि खिळ्यावर लावला. सगळी रांग बघत होती.

मी का दिला? एक तर कानिटकर साहेबांचा हुकूम. दुसरं म्हणजे, मनात आलं, घाल बाबा. दोन तास घालून बघ, मांडीला काय होतं ते.

आता हे नाटक कुठून आलं, ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग उगाचचा वाटेल.

कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत जयवंत माझी नक्कल करायचा. मी ताट घेऊन येतो कसा, वळतो कसा, बाकावर बसताना कडी ओढतो कसा, सगळं हुबेहूब. तोंडानं खट आवाजसुद्धा काढायचा. लोक पोट धरून हसायचे. एक दिवस तो असाच टेबलांमधून चालत असताना मालक पाहुण्यांना घेऊन दारात उभे. पाहुणे अपंग कल्याणाच्या कुठल्याशा समितीवरचे होते. मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कार्मिक अधिकाऱ्याला, म्हणजे दिगंबर कानिटकरांना बोलावलं आणि सांगितलं, माणसांची वृत्ती बदला, काय वाटेल ते करा.

दुसऱ्या कुणी नोटीस लावली असती. कानिटकरांनी नाटक लिहिलं. ‘उभारी’. अपंग कामगार वसंता, त्याला छळणारे सहकारी, कठोर मॅनेजर, आणि शेवटी सगळ्यांचं हृदयपरिवर्तन. स्पर्धेत प्रयोग करायचा आणि कारखान्याच्या सगळ्या माणसांना बसनं नेऊन दाखवायचा, अशी योजना. मॅनेजर स्वतः कानिटकर.

वाचनाच्या दिवशी कँटीनमध्ये आम्ही गोल करून बसलो होतो. वाचन संपल्यावर मीच तोंड उघडलं.

“साहेब, वसंताचं काम मी करतो.”

 हिशेब विभागातली शैला आवटी, जी दरवर्षी नायिका असायची, तिनं विणकाम थांबवून माझ्याकडे बघितलं. कानिटकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“भूपाल, तुझी भावना मला समजते,” ते म्हणाले. “पण असं बघ, नाटकात खरं चालत नाही. तू उभा राहिलास तर लोकांना वाईट वाटेल. वाईट वाटलं की माणूस मान खाली घालतो, विचार करत नाही. जयवंत धडधाकट आहे हे माहीत असतं, म्हणून लोक त्याच्याकडे मोकळेपणानं बघतील.”

“आन् मधीच पडलास म्हंजे?” जयवंत म्हणाला. “नाटकाचं वाटोळं.”

“शिवाय प्रॉम्प्टिंगला तुझ्यासारखा माणूस कुठून आणू?” कानिटकर म्हणाले आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

थोपटलेला खांदा मी घरी जाऊन धुतला, असं म्हणणार होतो. तसं केलं नाही, पण वाटलं मात्र. ज्या नकलेपायी हे सगळं निघालं, ती नक्कल आता अभिनय झाली होती. काल ज्यासाठी त्याची कानउघाडणी झाली, त्यासाठीच आज त्याला पदक मिळायची तयारी चालली होती. आणि मी संहिता मांडीवर घेऊन त्याला सांगायचं, आता लंगड, आता थांब.

तालमी सुरू झाल्या. जयवंतला आता माझं निरीक्षण उघड करायची मुभा मिळाली होती.

“चाल बघू एकदा त्या खांबापतोर,” तो म्हणायचा. “न्हाई, असं न्हाई. रोज चालतोस तसं चाल. मी बघतोय म्हणून ताठ झालाईस.”

मी चालायचो नाही. मग तो स्वतः चालून दाखवायचा आणि मला विचारायचा, “बराबर हाय का?” बरोबर असायचं, हाच तर संताप. पहिल्या प्रवेशात त्यानं एक युक्ती काढली. पडदा वर जाताना स्टेजवर सकाळचा मंद उजेड असावा, वसंतानं प्रेक्षकांकडे पाठ करून यावं, स्टेज आडवं ओलांडून मागच्या फळीवर हत्यारं लावावीत आणि मगच वळावं.

“आधी चाल दिसली पायजे, मग तोंड,” तो म्हणाला.

कानिटकरांना ही सूचना इतकी आवडली की त्यांनी ती वहीत टिपून ठेवली.

रंगीत तालमीला त्यानं माझा जुना कॅलिपर पहिल्यांदा चढवला. मी विंगेतून बघितलं आणि खुर्चीवरून उठलो. त्याची मांडी माझ्या दुप्पट. माझा पट्टा त्याला बसेना, म्हणून त्यानं चामडं मधोमध कापलं होतं आणि दोन तुकड्यांत बुटाच्या नाड्या ओवल्या होत्या. माझा लहान बूट त्याच्या पावलाला होईना, म्हणून त्याचं तोंड पुढून फाडलं होतं.

“हे काय केलंस?”

“बसंना झालतं.”

“माझी मापाची वस्तू आहे ती. चालता पाय दुरुस्तीला गेला की मी त्याच्यावरच असतो.”

“भूपाल, प्रयोग होऊ दे, नवीन करून देऊ,” कानिटकर मध्ये पडले. “आत्ता वातावरण बिघडवू नकोस.”

त्या दोन आठवड्यांत वातावरण हा शब्द मी फार वेळा ऐकला. वृत्ती बदलण्याचं नाटक होतं ना, त्यामुळे सगळे माझ्याशी गोड वागत. माझी पिशवी कुणीही ओढून घ्यायचं. कँटीनमध्ये ताट आणून द्यायचं. आणि मी पाठ फिरवली की तोच खट आवाज. आता त्याला तालीम म्हणायचे.

प्रयोग दुपारी होता. थिएटर जुनं, स्टेजकडे जायला मागून लोखंडी जिना, कठडा एकाच बाजूला आणि तोही माझ्या चुकीच्या हाताला. मी नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आलो होतो, म्हणजे चढताना कुणी बघायला नको. पण नेपथ्याचं कपाट चढवणारे हमाल खालून आले, मी घाईनं पाऊल टाकलं आणि वरच्या पायरीवर गुडघ्यापाशी काहीतरी कडकन मोडलं. बाहेरची पट्टी सांध्यातच तुटली होती. पाय दुमडला आणि मी रंगपटाच्या दारात आडवा झालो.

धावपळ झाली. दोघांनी मला काखेत धरून उचललं आणि रंगपटाला लागूनच असलेल्या विंगेत माझ्या खुर्चीवर नेऊन ठेवलं. संहिता मांडीवर दिली. कानिटकर घामाघूम होऊन आले.

“लागलं का? नाही ना? देवाची कृपा. नाहीतरी तुला बसायचंच आहे.”

तासाभरात बाकीचे आले, रंगले, आणि समोर जयवंत उभा होता. रंग लावलेला, निळा गणवेश, माझ्यासारखा एका बाजूला भांग. आणि डाव्या पायाला माझा पाय.

 पहिली घंटा झाली. पडद्यापलीकडून आमच्या माणसांचा कालवा ऐकू येत होता. कारखान्याच्या दोन बसा भरून आले होते. मग जी गोष्ट कुणालाही होते ती मला झाली.

“जयवंत, कॅलिपर काढून दे. मला लघवीला जायचंय.”

“आता?”

“आता.”

“उचलून नेतील की दोघं.”

“नको.”

“मग बाटली आणू?” तो म्हणाला, आणि रंगपटातले सगळे हसले. सहकाऱ्यांची कामं करणारे तिघे, मेकअपवाला, पडदा ओढणारा. कानिटकरही हसले आणि मग त्यांनी खोकल्यासारखं केलं. शैला तेवढी हसली नाही. ती आरशात बघून टिकली लावत होती.

मी खिशातून बिल्ला काढला. सकाळी टूल रूममधून निघताना तो खिळ्यावरून का उचलला होता, ते मला आजही सांगता येत नाही. तो मी सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“सूर्यवंशी, टूल रूम हत्यार परत मागतेय.”

हसणं थांबलं. तुम्हाला हे पोरकट वाटेल. पण या हाकेवर हातातलं काम टाकायची सवय आम्हा सगळ्यांच्या अंगात भिनली होती. चालू मशीन बंद करून माणसं पाना घेऊन धावत यायची. पडदा ओढणारा आमच्याच प्रेस शॉपचा. तो दोर सोडून उभाच राहिला.

“हितं कुठं आली टूल रूम?” जयवंत म्हणाला, पण आवाज उतरला होता.

“बिल्ला माझ्या हातात आहे ना? मग आली.”

तो मेकअपवाल्याच्या पेटीवर बसला, नाड्या उपसल्या आणि कॅलिपर माझ्याकडे सरकवून दिला. लोखंड फरशीवर घासत आलं. मी मोडका पाय उतरवला, जुना चढवला. मांडीचा पट्टा अंगाला लागेना; नाड्या दोनदा गुंडाळून कचकचीत गाठ मारली. उभा राहिलो. कड्या खाली पडल्या, खट. मी गेलो, आलो. तोवर दुसरी घंटा झाली होती.

“शाब्बास,” कानिटकर म्हणाले. “आता बस, आणि दे त्याला. चल, वेळ नाही.”

“नाही. मला लागतोय.”

“भूपाल!”

“बसून काय करू मी? पुन्हा लागली तर बाटली?”

कानिटकर माझ्याकडून जयवंतकडे वळले. “ठीक आहे. तू तसाच जा. तुला काय, चालणं तर येतंच.”

इथं जयवंतनं ती चूक केली, जी फक्त नायकच करू शकतो. त्यानं पेटीवर पाय पसरले आणि हाताची घडी घातली.

“आन् तिसऱ्या अंकात पाय काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचाय, तिथं काय ठेवू? चप्पल? जाहिरातीत फोटो त्या लोखंडाचा हाय. त्याला द्यायला लावा, न्हाईतर करा तुमचं तुम्ही. मी जात न्हाई.”

त्याला वाटलं, आता सगळे मला धरतील. धरलंही असतं. पण शैला आरशातून वळली.

“भूपाल करेल की,” ती म्हणाली. “त्याला सगळं पाठ आहे. तुमचं, माझं, सगळ्यांचं. मला समोर कोण आहे त्याच्याशी काही देणंघेणं नाही. मी पोर तापानं फणफणलेलं शेजारी टाकून आलेय, आज नाटक झालं पाहिजे.”

“अगं पण...” कानिटकर म्हणाले, आणि तिसरी घंटा झाली.

उशिरा पडदा उघडला तर नाटक बाद, हा स्पर्धेचा नियम. कानिटकरांचं तोंड उघडं राहिलं, त्यातून होकार आला नाही आणि नकारही आला नाही. मी संहिता खुर्चीवर ठेवली. पडदा ओढणाऱ्याकडे बघितलं. त्यानं माझ्या हातातल्या बिल्ल्याकडे बघितलं आणि दोर ओढला.

उजेड मंद, सकाळचा. अंगात माझा रोजचा निळा गणवेश होताच. मी प्रेक्षकांकडे पाठ केली आणि निघालो, जसं बसवलं होतं तसंच.

पहिलं पाऊल. खट. मागे कुणीतरी शीळ घातली. “आला रं, आला दीडपाय!” आणि दोन बसा भरून आलेली माणसं एकदम हसली. कँटीनमध्ये हसायची तशीच, टाळ्या देत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. “लई भारी, जयवंतराव!” कुणीतरी ओरडलं. “डिट्टो!”

मी चालत राहिलो. ते हसणं मी कितीतरी वर्षं ऐकलं होतं, पण नेहमी मी बाहेरच्या बाजूला असायचो, दाराआड, खिडकीआड, ताट हातात घेऊन थबकलेला. आत असताना ते कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं. माझे कान तापले. वाटलं, वळूच नये, तसंच पलीकडच्या विंगेत निघून जावं. ढिला पट्टा मांडीवर घासत होता. स्टेज संपता संपत नव्हतं आणि प्रत्येक खटला नवा हशा येत होता.

फळीपाशी पोचलो. पाना लावला, हातोडी लावली. घाई केली नाही. मग वळलो.

उजेड हळूहळू वाढत होता. आधी पहिल्या रांगेला दिसलं. तिथलं हसणं तुटलं. मागच्यांना अजून कळलं नव्हतं, ते हसतच होते. मग पुढच्यांनी मागे वळून त्यांना काहीतरी सांगितलं, आणि एकेक रांग बंद पडत गेली. अगदी शेवटी बाल्कनीत एक जण एकटाच हसत राहिला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला असावा, कारण तो मधेच गिळल्यासारखा थांबला.

माझं पहिलं वाक्य होतं, “उशीर झाला, माफ करा साहेब.” कानिटकरांनी लिहिलेलं. मी ते म्हटलं नाही.

“हसून झालं?” मी विचारलं.

 पहिल्या रांगेत बसलेले मालक आपल्या बुटांकडे बघत होते.

“झालं असेल तर सुरू करतो,” मी म्हणालो, आणि सुरू केलं.

नाटक झालं. बरं झालं की वाईट, हे विंगेतून कुणी सांगू शकलं असतं, पण विंगेत जयवंत होता. तिसऱ्या अंकात वसंता कॅलिपर काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, “साहेब, हा घ्या माझा पाय, आणि एक दिवस चालून दाखवा.” तालमीत या वाक्याला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी टेबलापाशी आलो आणि थांबलो. कानिटकर मॅनेजरच्या खुर्चीत टेकून बसलेले. त्यांना वाटलं, मी वाक्य विसरलो. त्यांनी विंगेकडे बघितलं, मीही बघितलं. जयवंतच्या हातात संहिता होती, नेमकं पान उघडलेलं, बोट वाक्यावर. त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मला त्याची गरज नव्हती. पण त्यानं दिलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

“साहेब,” मी कानिटकरांना म्हणालो, “हा काढून तुम्हाला दिला तर मी इथंच पडेन. ते काही करायचं नाही. मी सकाळपासून उभा आहे. तुम्ही उठा, खुर्ची मला द्या.”

संहितेत असलं काही नव्हतं. कानिटकर माझ्याकडे बघत राहिले, मग समोर बसलेल्या मालकांकडे. ते उठले. नाटकातला मॅनेजर उठला की आमचे कार्मिक अधिकारी, देव जाणे. मी कड्या ओढल्या, बसलो, आणि पुढची सगळी हृदयपरिवर्तनं बसूनच ऐकली.

पात्रयोजनेतला बदल आधी कळवला नव्हता म्हणून परीक्षकांनी आम्हाला बाद केलं. परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. कानिटकर पुढच्या सीटवरून एकदाच मागे वळून म्हणाले, “तू संस्थेचं नाक कापलंस, भूपाल.” मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

सोमवारी सकाळी पाळी लागली. माझा चालता पाय मिरजेहून पट्टीला डाग देऊन, जोडून आणला होता, तो घातला होता. जुना खिडकीच्या आत, फळीवर ठेवला होता. रांग लागली. तिसरा जयवंत होता.

“अठराचा पाना,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“बिल्ला?”

“तुझ्याकडंच हाय की.”

“हत्यार मोडून आलंय.” मी कॅलिपर उचलून त्याच्यापुढे ठेवला. कापलेला पट्टा, फाडलेला बूट, लोंबणाऱ्या नाड्या. “नियम माहीत आहे तुला.”

“ते काय हत्यार हाय व्हय!”

“तू पाना मागतोस तसाच मागितला होतास. बिल्ला टाकून नेलास. ही सगळी रांग होती.”

तो मागे वळला. नेहमी मागे हसणारी माणसं असायची, तिथंच त्यानं बघितलं. रांग त्याच्याकडे बघत होती आणि एकाचंही तोंड हलत नव्हतं.

“सरक की फोरमन,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमची पाळी जातीय.”

बिल्ल्याशिवाय त्याला हत्यार नव्हतं. इतरांकडून उसनं मागून त्यानं दोन-तीन दिवस काढले. कानिटकरांकडे गेला. ते म्हणाले, “मला मध्ये घेऊ नका.” मालकांकडे जायची त्याला हिंमत झाली नाही. शेवटी तो कॅलिपर उचलून घेऊन गेला, आणि एका दुपारी, भर पाळीत, चांभाराकडून आला. माझा कॅलिपर त्यानं दोन्ही हातांवर आडवा धरला होता, कारण तो धरायला तशीच जागा असते. फाटकापासून टूल रूमपर्यंत यायला सगळं जोडणी खातं आडवं ओलांडावं लागायचं, त्याचंच खातं. मशिनं चालू होती. माणसं माना वर करून बघत होती. त्याच्या बोटांत कड्या सैल होत्या, आणि तो पाऊल टाकेल तशा त्या वाजत होत्या, खट, खट. कुणी हसलं नाही.

खिडकीपाशी येऊन त्यानं तो फळीवर ठेवला. मी पट्टा ओढून बघितला. नवीन चामडं, दुहेरी शिवण, माझ्याच मापाचं. बूट पुढून शिवून त्यावर ठिगळ लावलं होतं. काम चांगलं होतं. तो काहीतरी बोलणार होता, ओठ हलले होते. मी वाट बघितली नाही.

खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“पुढचा,” मी म्हणालो.